कार्गोच्या काट्यावरचा पैलवान

पैलवान,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. बोलता येत होतं ते चार शब्दांपुरतं: भाऊ, पाणी, भात आणि एक कचकचीत शिवी. ती शिवी आमच्या पॅकिंगवाल्यांनी तुम्हाला नमस्काराचा शब्द म्हणून शिकवली होती, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही ती छातीवर हात ठेवून, मान लववून, आमच्या मालकांना घातली होती. मालकांना मराठी येत नव्हतं म्हणून आम्ही सगळे वाचलो. तरीही हे मराठीतच लिहितोय. माझं इंग्रजी कार्गोच्या फॉर्मपुरतं, आणि हिंदी जी काय होती ती तुमच्याशी बोलून बोलून कायमची बिघडली. शिवाय वाचायला तुम्ही नाहीच आहात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, आणि हे पत्र टपालात टाकायचं म्हटलं तर पत्ता काय घालू?

गेल्या आठवड्यात मला शारजाहून फोन आला. मी आता गुहागरला असतो, घराच्या पायरीवर बसून सुपारी सोलत होतो. फोनवरचा माणूस म्हणाला, मी सरांच्या इथल्या, रोल्लाच्या जिममधला जुना विद्यार्थी, आता माझी स्वतःची जिम आहे. केरळचा असावा, पण बोलत होता आपल्या तिकडच्या सगळ्यांसारखं मिसळून. ‘‘अंकल, आप तो सर के साथ थे ना, उनकी लास्ट फाइट में? वॉल पे सर का फोटो लगा रहे हैं. चार लाइन लिख के भेजो ना, प्लीज.’’ मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, लिहितो. मग तो सहज म्हणाला, ‘‘सर का एक ही रूल था, अंकल. थर्टी के बाद रिंग नहीं. बोलते थे, उस दिन मेरी बॉडी ने मुझे बता दिया, खलास. तुम लोग भी बॉडी का सुनो. मैंने भी थर्टी पे छोड़ दिया. उस टाइम बहुत अच्छा चल रहा था मेरा. लेकिन सर ने बोला था ना.’’ तो आणखी काय काय बोलत होता, मी फक्त हूं हूं करत होतो. बायकोने येऊन विचारलं, कोण गेलं? माझा चेहराच तसा झाला होता म्हणे.

आमच्या कार्गोच्या ऑफिसातला काटा तुम्हाला आठवत असेलच. दुबईच्या देऱ्यात, खाडीपासून दोन गल्ल्या आत, जमिनीसरशी बसवलेला तो लोखंडी पत्र्याचा काटा आणि भिंतीवर लाल आकड्यांचा डबा. डब्यावर सरकारी तपासणीचा स्टिकर. आता तुम्हाला जे कधीच सांगितलं नाही ते सांगतो. स्टिकर लागून आठवडा झाला की मालकांचा एक मेकॅनिक यायचा, शटर अर्धं ओढून घ्यायचा, पत्र्याखाली हात घालून काहीतरी करायचा, चहा प्यायचा आणि जाताना म्हणायचा, ‘‘हो गया सेठ, सौ पे दो.’’ म्हणजे शंभर किलो माल ठेवला की डब्यात एकशेदोन दिसायचे. आम्हाला त्यात पापबिप वाटत नव्हतं. सगळीकडेच असं असतं, अशी आमची समजूत होती, आणि ती फार सोयीची होती. वजनाचा कारकून मी. अल क्वोजच्या कामगार कॅम्पातला खेडचा, मंडणगडचा कोणी घरी पेटी पाठवायला आला की मी डब्यातल्या आकड्यातून मनातल्या मनात दोन टक्के वजा करायचो आणि पेटीवर मार्करने खरं वजन लिहायचो. परका असला की डब्यातलाच आकडा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मी आधी माणसाचं तोंड बघायचो आणि मग आकडा.

तुम्ही आलात ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात. तेव्हा देऱ्यात तुमच्या बाजूच्या, रशियन बोलणाऱ्या व्यापारी बायका विमानं भरभरून यायच्या. चामड्याची जाकिटं, टेपरेकॉर्डर, पडदे, जे मिळेल त्याची गाठोडी बांधायच्या आणि आठवड्यात परत. आमच्या गल्लीतले दुकानदार दहापर्यंतचे रशियन आकडे शिकले होते. त्या बायकांतली एक तुमची बायको, आणि तिच्यामागे दोन्ही खांद्यांवर दोन गाठोडी घेऊन तुम्ही. मोडलेलं नाक, भुवयांच्या जागी फक्त व्रण, आणि चाल अशी की पावलाचा आवाज नाही. गाठोडी उतरवलीत, त्यांचं वजन झालं, आणि मग तुम्ही सहज, कोणाला न विचारता, काट्यावर उभे राहिलात. आकडा बघितलात आणि तोंड वाकडं केलंत. आमचे पॅकिंगवाले हसले. तुमची बायको हसली नाही. तिने पर्समधून एक चुरगळलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढून माझ्यासमोर धरलं. त्यात तुम्ही होतात, गळ्यात मेडल, हात वर. ‘‘चॅम्पियन,’’ ती म्हणाली, आणि मग त्या दोन गाठोड्यांकडे बोट दाखवून, कपाळावर हात मारून, आणखी काहीतरी म्हणाली. तिची भाषा कळत नव्हती, पण ते कळलं. मी त्या कात्रणाकडे बघतो, तुमच्याकडे बघतो, परत कात्रणाकडे बघतो. एखाद्या देशाचा बॉक्सिंगचा चॅम्पियन, आमच्या भाषेत पैलवान, आमच्या काट्यावर हमाल म्हणून उभा आहे, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

बायको परत गेली आणि तुम्ही तिचा इकडचा माल सांभाळायला राहिलात. आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खोलीच्या समोरच्या खोलीत. तुमची सगळी हकिकत मला दोन वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी कळली, बरीचशी हातवाऱ्यांनी. कोळशाच्या खाणींचं गाव. वडील खाणीत. नऊ वर्षांचे असताना शाळेत एकाचे दोन दात पाडलेत म्हणून मास्तरांनी तुम्हाला कान धरून जिममध्ये नेऊन सोडलं. मग सैन्याचा क्लब, मग मोठ्या देशाच्या ज्युनियर संघात निवड. आणि मग एक दिवस तो देशच नाहीसा झाला. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुम्ही टेबलावर फुंकर मारून दाखवली होती. नवा देश झाला, त्याचे तुम्ही चॅम्पियन झालात, पुढे युरोपातल्या मोठ्या स्पर्धेतही जिंकलात. परत आलात तर क्लबकडे पगाराला काही नव्हतं. बक्षीस म्हणून साखरेची पोती दिली. तुम्ही मेडल गळ्यात घालून साखर ढकलगाडीवर घरी नेलीत. ‘‘भाऊ, नॉट जोक,’’ तुम्ही मला बजावलंत, कारण मी हसलो होतो. मला वाटलं होतं, गंमत सांगताय.

दुपारी एक ते चार देऱ्यातली दुकानं बंद. मालक घरी जेवायला, पॅकिंगवाले कार्टनच्या पुठ्ठ्यांवर आडवे. त्या तीन तासांत मागचं गोडाऊन तुमचं. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं टेप मारमारून कडक केलंत आणि छताच्या हुकाला टांगलंत. मी बघत बसायचो. एक दिवस तुम्ही माझ्या हाताला पट्ट्या गुंडाळायला लागलात, न विचारता. मी सव्वीस वर्षांचा, पोट सुटलेलं, आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. पण मालकांनी चारचौघांत आवाज चढवला की माझे खांदे आपोआप वर यायचे, मान आत जायची. तुम्ही ते बघितलं होतंत. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या नाकासमोर नुसती मूठ आणलीत आणि मी डोळे मिटले. तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारलीत, चांगली जोरात, आणि म्हणालात, ‘‘आय ओपन! ऑलवेज ओपन! यू सी, यू लिव्ह.’’ असं महिनाभर. एकदा मी दोरीच्या उड्या कमी मारून पूर्ण झाल्या म्हणून सांगितलं तर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. वडील गेल्यावर मला कोणी इतक्या मनापासून रागावलं नव्हतं. एक दिवस मालक ओरडले तेव्हा मी मान वर ठेवून, त्यांच्याकडे बघत, सावकाश म्हटलं, ‘‘सेठ, धीरे बोलिए.’’ ते चक्क धीरे बोलले. संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या स्वतःच्या पट्ट्या दिल्यात, स्पर्धेत वापरलेल्या, घामाने पिवळ्या पडलेल्या. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकी मोठी भेट मला कोणी दिली नाही.

मग ती मॅच आली. दुबईच्या एका हॉटेलात व्यावसायिक बॉक्सिंगचा कार्यक्रम ठरला, आणि तुमच्या वजनी गटात एकाने ऐनवेळी नाव काढून घेतलं. कोणीतरी आयोजकाला सांगितलं, अहो, एक चॅम्पियन इथेच देऱ्यात गाठोडी उचलतोय. तो माणूस गोडाऊनमध्ये आला, तुमचं गाठोडं ठोकणं दहा मिनिटं बघितलं आणि कागद पुढे केला. जिंकलात तर जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबशी करार, बायको-मुलीसकट तिकडे. हरलात तर काहीच नाही. तुम्ही एकतीस वर्षांचे होता. त्या रात्री आमच्या खोलीत सगळ्यांनी तुमच्या पाठीवर थापा मारल्या. मीही मारल्या. फक्त एक अडचण होती, वजन. एकोणसत्तर किलो आठशे ग्रॅमच्या वर एक ग्रॅमही चालणार नव्हता, आणि वजन करायला तुमच्याकडे काय होतं? आमचा काटा. मी तुम्हाला सांगितलं होतं, बाजारातले घरगुती काटे फालतू असतात, आमच्यावर स्टिकर आहे. हे मीच सांगितलं होतं, पैलवान. आणि सांगताना मला खरंच काही आठवलं नाही. माल ठेवला की माझ्या डोक्यात ती वजाबाकी आपोआप व्हायची. तुम्ही माल नव्हतात. तुम्ही काट्यावर उभे राहायचात आणि मी डब्यातला आकडा देवाने लिहिल्यासारखा वाचून दाखवायचो.

शेवटचे पंधरा दिवस मी तुमचा जेलर होतो. तुम्ही मला तसंच नेमलं होतंत, ‘‘भाऊ, आय क्राय, यू नो लिसन.’’ मी ते फार मनावर घेतलं. भात बंद, मीठ बंद. आमच्या स्वयंपाकघरात बांगड्याचं तिखलं शिजत होतं तेव्हा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, फक्त वास घेतो. तुमचे गाल आत गेलेले. आमच्यातल्या एकाने चमचाभर रस्सा पुढे केला तर मी त्याच्यावर खेकसलो. शेवटचे दोन दिवस पाणीही मोजून. वजनाच्या दिवशी सकाळी आमच्या काट्यावर एकाहत्तर आले. एक किलो दोनशे जास्त. आम्ही तुम्हाला अल क्वोजच्या गोडाऊनवर नेलं, माल गुंडाळायचं प्लास्टिक तुमच्या अंगाभोवती फिरवलं, छाती, पोट, मांड्या, आणि वरून दोन जाकिटं घालून उन्हात उभ्या पिकअपमध्ये हीटर लावून बसवलं. सप्टेंबरचं ऊन. काचेतून तुमचं तोंड दिसत होतं. अर्ध्या तासाने तुम्ही काच ठोकलीत. मी दार उघडलं. तुम्ही मराठीत म्हणालात, ‘‘पाणी.’’ माझ्या हातात बाटली होती, माझी स्वतःची, अर्धी प्यायलेली. तुम्ही हात पुढे केलात. मी बाटली उलटी करून ते पाणी मातीत ओतलं, तुमच्या देखत, आणि म्हटलं, ‘‘फिनिश वेट, देन वॉटर, पैलवान.’’ तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ‘‘गुड, भाऊ.’’ आणि दार परत ओढून घेतलंत.

देऱ्यात परत आलो, काट्यावर उभे राहिलात. एकोणसत्तर सातशे. पॅकिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथून थेट हॉटेल. एका हॉलमध्ये टेबल, फोटोवाले, आणि मध्ये एक छोटा, चकचकीत काटा. तुम्ही चड्डीवर उभे राहिलात. कागद घेऊन बसलेल्या माणसाने आकडा वाचला, थांबला, वाकून परत बघितला आणि मोठ्याने म्हणाला. अडुसष्ट किलो तीनशे. त्या क्षणी मला आठवलं. अगदी त्याच क्षणी, कोणी कानाखाली वाजवल्यासारखं. सौ पे दो. मी तिथे उभ्या-उभ्या वजाबाकी केली, सवयीने, पेटीची करतात तशी, आणि ती बरोबर आली. म्हणजे सकाळी आमच्या काट्यावर एकाहत्तर होते तेव्हाच तुम्ही खरे एकोणसत्तर सहाशे होता. तेव्हाच पास होता. ते प्लास्टिक, तो हीटर, ती बाटली, सगळं फुकट. त्याआधीचे किती दिवसही फुकट, कोण जाणे. तुम्ही मात्र खूश. मला डोळा मारून म्हणालात, ‘‘पिकअप व्हेरी गुड!’’ तुम्हाला वाटलं, हीटरने जरा जास्तच काम केलं.

तुमच्याच देशातले एक म्हातारे ट्रेनर दोन दिवसांपूर्वी येऊन पोचले होते, तुमच्या कोपऱ्यात उभे राहायला. त्यांनी तुमच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती खाली बसली नाही. तशीच उभी राहिली, पापडासारखी. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तुमच्या भाषेत काहीतरी विचारलं. तुम्ही हसून उत्तर दिलंत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. माझं कौतुक करत होता, हे मला हातावरून कळलं. तेव्हा सांगायला हवं होतं. मॅचला अजून एक पूर्ण दिवस होता. तुम्हाला सलाइन लावता आली असती, डॉक्टर बघू शकला असता, मॅच पुढे ढकलता आली असती, काहीतरी झालं असतं. मी स्वतःशी म्हटलं, आता सांगून डोक्यात भुंगा कशाला सोडायचा, दिवसभर खातील-पितील, होईल बरं. आणि दुसरंही म्हटलं, ते जास्त खरं आहे: काट्याचं बाहेर फुटलं तर मालक माझा व्हिसा रद्द करून पहिल्या विमानाने घरी पाठवतील. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी तोंड मिटून तुमच्यासाठी संत्र्याचा रस आणायला गेलो.

मॅचमध्ये पहिल्या पाच फेऱ्या तुम्ही त्या समोरच्याला हात लावू दिला नाहीत. मी गोडाऊनमध्ये दोन वर्षं बघितलेलं सगळं तिथे दिव्यांखाली बघत होतो आणि मला रडायला येत होतं. डावा हात पुढे, लांब, टक्, टक्, आणि तुम्ही कधीच तिथून निघालेले. मी मनात म्हणत होतो, देवा, चुकीचं काही झालेलंच नाही. सहाव्या फेरीत तुम्ही एकदा खाली बघितलंत, स्वतःच्या पायांकडे. इतकंच. जसं काही कोणीतरी तुम्हाला हाक मारली. पोटरीत गोळा आला होता. मग दुसऱ्या पायात. सातव्यात तुम्ही दोरांना टेकून उभे होता, हात वर, डोळे सताड उघडे, आणि येणारा एकेक ठोसा तुम्हाला दिसत होता, फक्त पाय हलत नव्हते. माझ्या शेजारी बसलेला आमचा पॅकिंगवाला ओरडत होता, ‘‘हाल ना रे पैलवाना, हाल!’’ रेफरी मध्ये आला. ड्रेसिंगरूममध्ये तुम्ही बाकावर बसून मांड्या चोळत होता. मला म्हणालात, ‘‘भाऊ, व्हाय? हेड गुड. हँड गुड. लेग्स खलास. व्हाय?’’ आणि मी, ज्याला तेव्हा त्या जगात एकट्यालाच उत्तर माहीत होतं, म्हणालो, ‘‘बॅड डे, पैलवान. बॅड लक.’’ तुम्ही मान हलवलीत. ‘‘नो. ओल्ड.’’

तो शब्द तुम्ही असा उच्चारलात की झालं, विषय संपला. नंतर मी हजारदा तोंड उघडलं. तुम्ही रोल्लाला, एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुलांना शिकवायला लागलात. मी लग्न करून, बायकोला आणून, तिथेच जवळ राहायला गेलो. दर शुक्रवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला. बायको तुम्हाला तिखलं वाढायची आणि तुम्ही तिला सांगायचात की एकदा या भाऊने मला एक चमचासुद्धा दिला नव्हता, व्हेरी स्ट्राँग मॅन. ती हसायची. मी पाणी आणायला उठायचो. आयोजकाने एकदा परत विचारलं होतं, छोटी मॅच आहे, करणार का? तुम्ही म्हणालात, ‘‘माय बॉडी सेड नो.’’ मी समोर बसलो होतो. तेव्हा तुम्ही बत्तीस वर्षांचे, सकाळी आठ किलोमीटर पळणारे. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, चहा घेणार का? एवढं एक वाक्य, पैलवान, की काटा खोटा होता, तुमचे पाय नव्हे. तेवढ्यावर तुम्ही कदाचित मला ठोकून काढलं असतंत आणि दुसऱ्या दिवशी पळायला बाहेर पडला असतात.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी तुम्ही मुलीच्या वाढदिवसाला गावी गेलात. पंधरा दिवसांनी येतो म्हणालात, आमच्याकडून आमसुलं मागून नेलीत. तिसऱ्या आठवड्यात तुमच्या बायकोची एक मैत्रीण, व्यापारीच, ऑफिसात आली, गाठोडं काट्यावर ठेवलं, मला ओळखलं आणि छातीवर थापटून म्हणाली, ‘‘हार्ट. चॅम्पियन. फिनिश.’’ मला वाटलं, ती तुमच्याबद्दल बोलतच नाहीये. मी तिच्या गाठोड्याचं वजन लिहिलं, टेप मारला, पावती फाडली, आणि मग तिथेच खाली बसलो. चाळिशीही गाठली नव्हतीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आता सांगायला माणूसच नाही. अपराधी वाटायच्या आधी, खरं सांगतो, मला हलकं वाटलं होतं. आणि मग त्या हलकेपणाचीच इतकी शिसारी आली की मी महिनाभरात ती नोकरी सोडली.

मी समजत होतो, नुकसान झालं ते तुमचं, आणि ते तुमच्याबरोबर संपलं. गेल्या आठवड्यातल्या फोनने तेवढं समाधानही काढून घेतलं. तुम्ही माझ्या खोट्या काट्यावरून एक नियम काढलात आणि तो वर्षानुवर्षं मुलांना शिकवलात. एक माणूस चांगला चालत असताना तिशीत थांबला. असे आणखी किती थांबले, मी विचारलं नाही, माझी हिंमत नाही. त्याला मी काल चार ओळी पाठवल्या. सर फार शूर होते, पाच फेऱ्या त्यांना कोणी हात लावू शकलं नाही, असं. त्याने उत्तरात दोन्ही हात जोडलेलं चित्र पाठवलं. काट्याचं त्यात नाही. तो माणूस आता चाळिशीचा आहे, त्याला सांगून त्याचं तिसावं वर्ष परत येणार नाही, असं मी म्हणतोय. बरोबर तेच, जे मी हॉटेलात स्वतःशी म्हटलं होतं.

आणखी एक उरलंय. हे बायकोलाही माहीत नाही. काटा मी विसरलो होतो, हे खरं आहे. वजनाच्या दिवसापर्यंत मला त्याची आठवण नव्हती, कोणाचीही शपथ घालून सांगतो. पण सातव्या फेरीत रेफरीने दोन्ही हात हलवून मॅच थांबवली, हॉलमध्ये सगळे उभे राहिले, आमचा पॅकिंगवाला डोकं धरून बसला, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात पहिल्यांदा आलं ते असं, की आता पैलवान जर्मनीला जाणार नाहीत. उद्या दुपारी गोडाऊनमध्ये येतील. आणि मला बरं वाटलं.